२एन३०५५ ट्रान्झिस्टर तापतो, म्हणून तो सोडून द्यायचा का?

वेढेमोजणी:
हाय व्होल्टेजचा छंद लागलेल्याला पहिलं सर्किट म्हणून अजूनही एकच सुचवलं जातं: जुन्या टीव्हीचा फ्लायबॅक (हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर), गाभ्यावर प्रायमरीचे म्हणजे करंट आत देणारे १० वेढे, फीडबॅकचे म्हणजे ट्रान्झिस्टरला चालू-बंद करणारे ४, एक २एन३०५५, २४० आणि २७ ओहमचे दोन रेझिस्टर, १२ व्होल्ट. माझं स्पष्ट मत आहे की ही शिफारस आता थांबवावी. ट्रान्झिस्टर पूर्ण सॅच्युरेट झाला, म्हणजे पूर्ण उघडला, की बेसमध्ये चार्ज साठतो आणि तो निघून जायला काही मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात कलेक्टरचा व्होल्टेज चढू लागतो, करंट मात्र अजून वाहतच असतो. २०-३० किलोहर्ट्झला हे दर फेरीत घडतं. ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन ट्रान्झिस्टरमध्येच जिरते. वर लीकेज इंडक्टन्सचे (वेढ्यांच्या अपुऱ्या जुळणीमुळे येणारे) व्होल्टेजचे स्पाइक, आणि याची कलेक्टर-एमिटर मर्यादा फक्त ६० व्होल्ट.

त्यापेक्षा झेडव्हीएस (झिरो व्होल्टेज स्विचिंग) सर्किट घ्या. दोन आयआरएफपी २५० मॉसफेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालणारे ट्रान्झिस्टर), मधून टॅप काढलेले ५+५ वेढे, ०.६८ मायक्रोफॅरडचा पॉलिप्रोपिलीन कपॅसिटर, १०० मायक्रोहेन्रीच्या आसपासचा चोक (करंटमधले झटके अडवणारी कॉइल). मॉसफेट व्होल्टेज शून्याजवळ असतानाच स्विच होतात, म्हणून थंड राहतात.

अभ्रक:
पूर्ण असहमत. तापण्याचा दोष बहुतेक वेळा बांधणीचा असतो. हिशेब करून बघा. जंक्शन (ट्रान्झिस्टरचा आतला तापणारा भाग) ते केस १.५२ अंश प्रति वॅट, अभ्रकाची चकती आणि पेस्टचे मिळून ०.५, हीटसिंक २ चा. २० वॅट जळत असतील तर जंक्शन हवेपेक्षा ८० अंशांनी वर. हवा ३० असेल तर ११०, आणि मर्यादा २०० आहे. हाच ट्रान्झिस्टर ५ अंश प्रति वॅटच्या पत्र्यावर बसवला की जंक्शन १७० ला पोचतं. मग लोक सर्किटला नावं ठेवतात. पेस्ट पातळ लावावी, जाड थर उलट उष्णता अडवतो. केस म्हणजेच कलेक्टर, त्यामुळे अभ्रक विसरलात तर सगळा हीटसिंक जिवंत होतो.

खरा खून वेगळ्याच ठिकाणी होतो. बंद होताना फीडबॅकच्या वेढ्यांवर उलटा व्होल्टेज येतो. प्रायमरीवर ४० व्होल्टांचा उलटा झटका आला तर ४ वेढ्यांवर १६ व्होल्ट. बेस-एमिटर जंक्शन उलट दिशेने ७ व्होल्टच सहन करतं. यूएफ ४००७ हा वेगवान डायोड लावा, ॲनोड एमिटरला, कॅथोड बेसला. एवढ्या एका डायोडने सर्किटचं आयुष्य बदलतं, आणि बहुतेक आकृत्यांमध्ये तो नसतो.

वेढेमोजणी:
डायोडचा मुद्दा मान्य, मी तो लिहायला हवा होता. पण २० वॅट हे तुम्ही धरलेले आहेत. नवखा माणूस जास्त ठिणगी हवी म्हणून २७ ओहमचा रेझिस्टर बदलत बसतो. बेस करंट वाढला की साठलेला चार्ज वाढतो, बंद व्हायला आणखी उशीर होतो, आणि ते २० वॅट ३५ होतात.

अभ्रक:
मग सप्लायच्या मालिकेत १२ व्होल्ट २१ वॅटचा गाडीचा बल्ब लावा. करंट पावणेदोन अँपियरच्या वर जात नाही, बल्ब लख्ख पेटला की चूक समोर दिसते. झेडव्हीएस इतकी उसंत देत नाही. सप्लाय हळू चढला तर दोन्ही गेट एकदम अर्धवट उघडतात, दोलन सुरूच होत नाही, चोक सॅच्युरेट होतो आणि सप्लाय सरळ शॉर्ट. मॉसफेट सेकंदाच्या आत फुटतात.

गेट-झेनर:
अभ्रक यांचं निदान बरोबर आहे, पण त्यावर उपाय आहे. मोठा कपॅसिटर सप्लायच्या बाजूला ठेवा, स्विच त्याच्या पुढे, म्हणजे सर्किटला पूर्ण व्होल्टेज एका झटक्यात मिळतो. मध्ये १० अँपियरचा फ्यूज हवाच. कमजोर एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) करंट लिमिटला जाऊन व्होल्टेज पाडतो आणि पुन्हा तीच गत होते.

आणखी दोन चुका वारंवार दिसतात. मॉसफेटवर सप्लायच्या सुमारे ३.१४ पट शिखर व्होल्टेज येतो. २४ व्होल्टांवर ७५. आयआरएफझेड ४४एन हा मॉसफेट ५५ व्होल्टांचा, म्हणजे १२ वर चालेल, २४ वर नाही. दुसरं, गेटचे ४७० ओहमचे रेझिस्टर पाव वॅटचे लावतात. २४ व्होल्टांवर गेट खाली असताना त्यात सव्वा वॅटच्या जवळपास जळतात. २ वॅटचे घ्या, गेटवर १२ व्होल्टांचा झेनर (व्होल्टेज ठराविक पातळीवर रोखणारा डायोड) आणि १० किलोओहमचा रेझिस्टर.

दुसराहात:
तुम्ही तिघेही ट्रान्झिस्टरच्या जिवाची काळजी करता आहात, माणसाच्या नाही. म्हणूनच मी पहिल्या सर्किटसाठी अभ्रक यांच्या बाजूने आहे. ३६ वॅट इनपुट आणि त्यातले निम्मे उष्णतेत, ही इथे मर्यादाच आहे. झेडव्हीएसवर तोच फ्लायबॅक सहज शंभर वॅटच्या पुढे जातो. आउटपुटचा करंट हृदय थांबवण्याइतका होतो. टोकं फार लांब ओढली तर आतलं इन्सुलेशन फुटून फ्लायबॅकही जातो.

नव्या फ्लायबॅकमध्ये डायोड आतच असतो, त्यामुळे बाहेर कपॅसिटर जोडला की तो चार्ज धरून ठेवतो. १० नॅनोफॅरड २० किलोव्होल्टांना म्हणजे २ जूल, तेही सप्लाय बंद केल्यावर. तो रिकामा करायला एकच रेझिस्टर चालत नाही, त्याच्यावरून ठिणगी उडते. ५०० व्होल्टांचे १ मेगाओहमवाले ४० मालिकेत जोडून प्लॅस्टिकच्या नळीत बसवा. २ सेकंदांत जवळजवळ सगळा चार्ज उतरतो, त्यानंतर टोकं तारेने जोडून तशीच ठेवा. एक हात कायम पाठीमागे. एकट्याने काम करू नका.

वेढेमोजणी:
नळीत बसवलेली रेझिस्टरची माळ कायम जोडून ठेवली तर?

दुसराहात:
ठेवा. २० किलोव्होल्टांवर अर्धा मिलिअँपियर, एकूण १० वॅट, प्रत्येकावर पाव. रेझिस्टर अर्ध्या वॅटच्या वरचे घ्या आणि सोल्डरची टोकं गोल ठेवा, अणकुचीदार टोकांतून कोरोना, म्हणजे हवेत होणारी विजेची गळती, होते. तरीही हात लावण्याआधी चार्ज उतरवण्याच्या काठीने तपासायचंच, कारण माळेतला एक सांधा सुटला तरी बाहेरून दिसत नाही.