‘विचलित करणारी दृश्ये’ आणि मनातून न जाणारे सिनेमे: नेमका शब्द कोणता?

पाहून झाल्यावर कित्येक दिवस मनातून न जाणाऱ्या सिनेमांना आपण सर्रास ‘डिस्टर्बिंग’ म्हणतो. त्याच्या जागी मराठीत तीन शब्द छापलेले दिसतात. पडद्यावरच्या सूचनेत ‘विचलित करणारा’, भाषांतरित वर्णनांत ‘त्रासदायक’ आणि परीक्षणांत ‘अस्वस्थ करणारा’. तिन्ही एकाच अर्थाचे आहेत का? नसतील तर कोणता कुठे वापरावा? शिवाय पाहतानाचा धक्का आणि नंतर मनात राहणारी बोच या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना वेगळे शब्द आहेत का? (खालची उत्तरं वेगवेगळ्या लोकांची, रेघेनंतर बोलणारा बदलतो.)

———

‘त्रासदायक’ आधी बाजूला काढू. संस्कृतात त्रास म्हणजे अचानक वाटलेली भीती. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या ३३ व्यभिचारी भावांत (म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या भावांत) तो आहे आणि वीज पडणं, उल्का कोसळणं ही त्याची कारणं दिली आहेत. मराठीत मात्र या शब्दातली भीती गळून गेली आणि उपद्रव उरला. त्रासदायक खोकला, त्रासदायक प्रवास. ‘त्रासदायक सिनेमा’ वाचल्यावर मराठी माणसाला वाटतं की सिनेमा रटाळ असेल, नाहीतर आवाज नीट येत नसेल. हिंदीत ‘त्रासदी’ म्हणजे शोकांतिका, तिथून हा शब्द उचलला तरी आपल्याकडे तो अर्थ पोहोचत नाही.

‘विचलित’ची अडचण जरा वेगळी आहे. शब्द चांगला आहे, पण मराठीत तो ठरावीक सोबत्यांबरोबर येतो: लक्ष विचलित होणं, ध्येयापासून विचलित होणं, ‘जराही विचलित न होता’. म्हणजे जो ढळायला नको होता तो ढळला, असा भाव त्यात आहे. ‘ही दृश्यं तुम्हाला विचलित करू शकतात’ या वाक्यात हा कमकुवतपणा नकळत प्रेक्षकाच्या पदरात पडतो. तो तिथे कुणालाच अभिप्रेत नसतो.

राहिला ‘अस्वस्थ’. स्वस्थ म्हणजे स्वतःच्या ठायी असलेला. मराठीत ‘स्वस्थ बसणे’ म्हणजे काही न करता शांत बसणं, म्हणून अस्वस्थ म्हणजे ज्याला तसं बसवत नाही तो. हिंदीत अस्वस्थ म्हणजे आजारी, आपल्याकडे सहसा नाही. (आजाऱ्याची प्रकृती ‘अत्यवस्थ’ असते. हे दोन शब्द बातम्यांत वारंवार एकमेकांच्या जागी पडतात, तेवढं सांभाळावं.) तिघांत हाच शब्द खरा मराठी वळणाचा आहे.

———

वरचं पटतं, पण ‘अस्वस्थ’ हा शब्द सगळीकडे लावायला लागलो की तो बोथट होतो. परीक्षणं वाचा, प्रत्येक दुसरा सिनेमा ‘अस्वस्थ करतो’. मला वाटतं शब्द निवडताना एकच प्रश्न विचारावा: हे कधी घडलं? पाहताना, दिवे लागल्यावर, की चौथ्या दिवशी?

पाहताना माणूस दचकतो, शहारतो, त्याच्या अंगावर काटा येतो. दचकणं क्षणाचं असतं आणि बहुतेक भयपट तिथेच थांबतात. ‘हादरणं’ त्याहून खोल, पायाला धक्का बसल्यासारखं. आणि मराठी समीक्षेतला एक फार नेमका प्रयोग इथेच आहे: ‘सिनेमा अंगावर येतो’. यात सिनेमा चालून येणारा आहे आणि आपल्याला मागे सरायला जागा नाही.

दिवे लागल्यावर ‘सुन्न’. हा शब्द ‘शून्य’पासून आला आहे, ‘सुनं घर’मधला सुनंही तिथूनच. सुन्न माणूस रडत नाही, चिडत नाही, त्याला काही सुचत नाही. ‘सैराट’चा (२०१६) शेवट आठवा: आवाज पूर्ण काढून घेतलेला, आणि लहान मुलाची रक्ताची पावलं. हुंदका फुटावा म्हणून मदत करणारं संगीतही नाही. इथे ‘हेलावून टाकणारा’ लिहिणं साफ चूक. हेलावण्यात पाणी आहे, डोळे भरून येतात आणि मन मोकळं होतं. सुन्नपणात ते मोकळं होणं नाही. नाट्यशास्त्रात याच्या सगळ्यात जवळचा भाव ‘जडता’: काही न बोलणं, पापणी न लवता पाहत राहणं, काय करावं ते न कळणं. तंतोतंत आपलं ‘सुन्न’.

चौथ्या दिवसासाठी माझ्या मते सर्वांत चांगला शब्द ‘सल’. शल्य म्हणजे रुतलेलं टोक, त्याचाच हा मराठी अवतार. रुतलेलं टोक सतत दुखत नाही, त्या बाजूला हालचाल झाली की दुखतं. अशा सिनेमाचंही तसंच होतं. दिवस नेहमीसारखा जातो, मग एखादा साधा आवाज, एखादी खोली, आणि तो प्रसंग पुन्हा समोर. म्हणून ‘सलत राहणारा सिनेमा’.

———

‘रुखरुख’ चालेल का?

———

सहसा नाही. रुखरुख आपल्या हातून राहून गेलेल्या गोष्टीची असते. हुरहूर हव्याशा गोष्टीच्या ओढीतून येते, तीही इथे बसत नाही. मात्र काही सिनेमे प्रेक्षकालाच गुन्ह्यात सामील करून घेतात, त्यांच्यासाठी ‘टोचणी’ योग्य. दिग्दर्शक मिखाएल हानेकेच्या ‘फनी गेम्स’मध्ये (१९९७) दोन मारेकरी एका कुटुंबाच्या घरात घुसतात, पण जवळजवळ सगळी हत्या कॅमेऱ्याबाहेर होते. मुलाला मारलं जातं तेव्हा आपण स्वयंपाकघरात दुसऱ्या मारेकऱ्याला खायला काढताना पाहत असतो, फक्त आवाज येतो. नंतर दिवाणखान्याचं एक दृश्य कित्येक मिनिटं न तोडता चालू राहतं. पडद्यावर स्पष्ट दिसणारी गोळी लागते ती एका मारेकऱ्याला. प्रेक्षकाला बरं वाटतं न वाटतं तोच दुसरा मारेकरी रिमोट उचलून सिनेमाच मागे नेतो आणि ती गोळी पुसून टाकतो. ते बरं वाटणं मग टोचतं. या सिनेमाला ‘बीभत्स’ म्हणणारं परीक्षण सिनेमा न पाहता लिहिल्यासारखं वाटतं.

———

‘बीभत्स’बद्दल दोन गोष्टी. पहिली, ‘बी’ दीर्घ, ‘बिभत्स’ नव्हे. दुसरी, बीभत्स रसाचा स्थायीभाव (त्याच्या मुळाशी असलेला कायमचा भाव) जुगुप्सा, म्हणजे किळस, भीती नव्हे. नाट्यशास्त्र त्याचे प्रकारही करतं: रक्त, आतडी वगैरे पाहून होणारा तो क्षोभज, विष्ठा आणि कृमी पाहून होणारा तो उद्वेगी. आजच्या सिनेमालाही हा भेद उपयोगी पडतो, कारण रक्त सहन करणारे कितीतरी प्रेक्षक दुसऱ्या प्रकाराला मान फिरवतात. त्या दुसऱ्या प्रकाराला बोलीत ‘शिसारी’ हा नेमका शब्द आहे.

किळस मात्र लवकर ओसरते. त्यामुळे नुसता बीभत्स सिनेमा बहुधा फार दिवस राहत नाही. उलट ‘सायको’मधला (१९६०) न्हाणीघरातला प्रसंग: कृष्णधवल चित्रण, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप, सुरी अंगात रुतताना ठळकपणे दाखवलेली नाही, सगळं काम तुकड्यांच्या जोडणीनं आणि व्हायोलिनच्या किंचाळीनं केलेलं. हा भयानक रस. इथे बीभत्स लिहिलं तर वाचकाला आतडी दिसणार असं वाटेल.

बोलताना ‘बीभत्स’ला अश्लीलतेचीही छटा असते (‘बीभत्स बोलणं’). परीक्षणात हा शब्द एकटा सोडू नये, काय बीभत्स आहे ते सांगावं.

———

बोलीतली एक मोठी गफलत: ‘हा सिनेमा डोक्यात गेला’ आणि ‘हा सिनेमा डोक्यातून जात नाही’. पहिल्याचा अर्थ सिनेमानं चीड आणली, दुसऱ्याचा अर्थ तो पाठ सोडत नाही. बाहेरून मराठी शिकणारे इथे हमखास चुकतात. ‘डिस्टर्ब’चंही तसंच: ‘मला डिस्टर्ब केलं’ म्हणजे कामात व्यत्यय आणला, ‘मी डिस्टर्ब झालो’ म्हणजे मन ठिकाणावर राहिलं नाही. दोन क्रियापदांनी आपण या उसन्या शब्दाचे दोन मराठी शब्द करून टाकलेत.

———

‘झपाटणारा’ कुणी सुचवलं नाही ते बरं झालं. ‘झपाटून कामाला लागला’ या वापरानं त्याला उत्साहाचा अर्थ चिकटला आहे. ‘पछाडणारा’मध्ये वाईट अर्थ अजून टिकून आहे, पण त्यात भूतबाधा इतकी ठळक आहे की भूत नसलेल्या सिनेमाला तो जड जातो. ‘मनात घर करणारा’ गोड सिनेमालाही चालतो, म्हणून इथे अपुरा.

न बोलावता येणाऱ्या प्रतिमांसाठी ‘आगंतुक आठवणी’ असं सुचवतो. मानसशास्त्रात या विषयाचे प्रयोग सिनेमाच्या तुकड्यांवरच होतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या एका प्रयोगात लोकांना १२ मिनिटांची क्लेशकारक दृश्यं दाखवली. अर्ध्या तासानं काहींना १० मिनिटं टेट्रिस हा ठोकळे जुळवायचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांना अशा आगंतुक प्रतिमा कमी आल्या, पण काय पाहिलं होतं हे विचारल्यावर त्यांना इतरांइतकंच आठवत होतं. म्हणजे आठवणं आणि आठवत राहणं या खरोखरच दोन गोष्टी आहेत.

मराठी व्याकरणात हा भेद आधीपासून आहे. ‘मी तो प्रसंग आठवून पाहिला’ यात कर्ता मी. ‘मला तो प्रसंग आठवतो’ यात मी फक्त ज्याला घडतं तो. परीक्षणात ‘प्रेक्षक हा शेवट आठवत राहतो’ असं लिहिलं की सगळं बिघडतं. ‘प्रेक्षकाला हा शेवट आठवत राहतो’ हवं.

———

परीक्षणं लिहिणाऱ्यांनी ‘विषण्ण’ आणि ‘उद्विग्न’ची अदलाबदल थांबवावी, एवढी विनंती. विषण्णमध्ये सद् धातू आहे, बसणं, खचणं. उद्विग्नमध्ये विज् आहे, उसळणं, थरथरणं. विषण्ण माणूस खुर्चीतच बसून राहतो, उद्विग्न माणसाला बसवत नाही. अन्यायावरचा सिनेमा उद्विग्न करू शकतो, युद्धाच्या शेवटी उरलेल्या पोराचा चेहरा विषण्ण करतो.

———

मूळ प्रश्नातल्या पडद्यावरच्या सूचनेकडे परत येतो, कारण तिथे शब्द चुकला तर माणसाला प्रत्यक्ष त्रास होतो. सूचना काही सेकंदच दिसते. तेवढ्यात प्रेक्षकाला ‘तुम्हाला काय वाटेल’ हे सांगून उपयोग नाही, ‘काय दिसेल’ ते सांगावं. ‘विचलित करणारी दृश्ये’ हे वाचून कुणालाही निर्णय घेता येत नाही. आत्महत्येचं दृश्य टाळायचं असलेल्याला त्यात आत्महत्या आहे की अपघात, हे कळत नाही. ‘संवेदनशील दृश्ये’ तर उलटंच बोलतं: संवेदनशील प्रेक्षक असतो, दृश्य नव्हे.

नाम आधी, विशेषण गरज असेल तरच. ‘या भागात लहान मुलावरील हिंसा आणि आत्महत्येचे दृश्य आहे.’ नऊ शब्द, दोन ओळी. दृश्य दिसत नसून फक्त ऐकू येत असेल तर तेही लिहावं: ‘हिंसेचे आवाज आहेत’. ‘फनी गेम्स’सारख्या सिनेमाला हीच ओळ लागेल.