मोरो बे: बंद वीजकेंद्राच्या जागेवर बॅटऱ्या की बंदर?

खाडीकाठ

लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या साधारण मध्यावर मोरो बे नावाचं जेमतेम दहा हजार वस्तीचं बंदर आहे. मी शेजारच्या गावात एकोणीस वर्षं राहतोय. पाहुणे आले की त्यांना आधी दोन गोष्टी दिसतात: खाडीच्या तोंडाशी उभा ५७६ फुटी मोरो रॉक, आणि त्याच्यामागे वीजकेंद्राची तीन धुराडी, प्रत्येकी ४५० फूट. केंद्र २०१४ च्या फेब्रुवारीत बंद झालं. तेव्हापासून शंभर एकरांच्या आसपास जागा, तीही बंदराला लागून, कुंपणाआड पडून आहे. तिचं काय करायचं यावरून गावात तट पडलेत.

मागचं थोडं सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इथे नौदलाचा तळ होता. १९५० च्या दशकात पीजीअँडई या वीज कंपनीने केंद्र उभारलं. १९६३ पर्यंत चार संच झाले, क्षमता सुमारे १,००० मेगावॉट. सुरुवातीला तेल, पुढे नैसर्गिक वायू. इतक्या सुंदर जागी ते बांधायचं कारण एकच होतं, पाणी. वाफ थंड करायला खाडीचं पाणी आत ओढायचं आणि गरम झालेलं समुद्रात सोडायचं. त्या पाण्याबरोबर माशांची अंडी आणि पिल्लं आत जायची, ती जिवंत बाहेर यायची नाहीत. २०१० मध्ये राज्याच्या जलमंडळाने ही पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत काढायचं धोरण आणलं. जुन्या केंद्राला ते परवडणारं नव्हतं. हात बदलत बदलत जागा आता व्हिस्ट्रा कंपनीकडे आहे.

कंपनीचा प्रस्ताव असा: जुन्या तेलटाक्यांच्या जागी ६०० मेगावॉटचा बॅटरीसाठा. २०२१ मध्ये गावाशी करार झाला की धुराडी आणि इमारत २०२७ संपायच्या आत पाडायची, नाहीतर गावाला ३० लाख डॉलर द्यायचे. त्यानंतर लोक जागे झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ए-२४ हा ठराव मतदानाला आला: बंदरपट्टा आणि वीजकेंद्राची जागा यांचा वापर पर्यटन आणि मासेमारीसाठीच राहील, बदलायचा तर पुन्हा मतदारांना विचारावं लागेल. ठराव चांगल्या फरकाने मंजूर झाला. दोन-अडीच महिन्यांनी, १६ जानेवारी २०२५ ला, उत्तरेकडे मॉस लँडिंगला याच कंपनीच्या बॅटरीसाठ्याला आग लागली. हजारावर लोकांना घरं सोडावी लागली, हायवे १ बंद ठेवावा लागला.

आता माझं म्हणणं. आगीची भीती मलाही आहे, पण माझा विरोध त्याच्याही आधीचा आहे. कॅलिफोर्नियाचा १९७६ चा किनारा कायदा सांगतो की किनाऱ्यालगतच्या जमिनीवर पहिला हक्क त्या कामाचा, जे समुद्राशिवाय होऊच शकत नाही. मासेमारी, बोटींची दुरुस्ती, बर्फाचा कारखाना, धक्का. वीजकेंद्राला समुद्र लागत होता. बॅटरीला समुद्र लागत नाही, तिला तार लागते. आणि तार डोंगरापलीकडेही आहे. मोरो बेहून निघणारी २३० केव्हीची वाहिनी कॅरिझो मैदानावरून जाते, तिथे टोपाझचा ५५० मेगावॉटचा सौरप्रकल्प तिच्यावरच जोडलेला आहे. बॅटरी तिथे ठेवा. बंदराची जागा एकदा गेली की परत मिळत नाही.

---

सबस्टेशन

पूर्ण असहमत. मी महाराष्ट्रात एका औष्णिक केंद्रात अकरा वर्षं पाळी केली, आता इथे ग्रिडच्या नियोजनात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"तार डोंगरापलीकडेही आहे" हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. तारेला हात लावणं हेच सगळ्यात अवघड काम आहे हो. नव्या प्रकल्पाला ग्रिडवर जागा मिळायला वर्षानुवर्षं रांगेत उभं राहावं लागतं. मोरो बेच्या स्विचयार्डमधून, म्हणजे केंद्राची वीज वाहिन्यांवर चढवणाऱ्या आवारातून, हजार मेगावॉट बाहेर जात होते. ती वाहून नेण्याची ताकद आज जवळजवळ रिकामी बसली आहे. कॅरिझोच्या वाहिनीवर मात्र आधीच टोपाझ आहे, शिवाय २५० मेगावॉटचा दुसरा सौरप्रकल्पही आहे.

बॅटरी कशाला, हेही इथल्या भारतातल्या वाचकांसाठी. कॅलिफोर्नियात दुपारी सौरवीज इतकी होते की वसंतात ती चक्क बंद ठेवावी लागते. संध्याकाळी सहा-सातला सूर्य उतरतो, लोक घरी येतात, एसी सुरू होतात, आणि दोन-तीन तासांत प्रचंड खड्डा पडतो. आधी तो वायूची केंद्रं भरून काढायची. २०२४ मध्ये राज्यातल्या बॅटऱ्यांनी १०,००० मेगावॉटचा टप्पा ओलांडला, तेव्हापासून त्या खड्ड्याचा मोठा भाग बॅटऱ्या भरतात. ज्या धुराचा तुम्हाला साठ वर्षं त्रास झाला तो दुसऱ्या कुणाच्या गावात कमी होतोय, तो यामुळे.

तुमच्यापासून वीसेक किलोमीटरवर डायब्लो कॅन्यनचं अणुकेंद्र आहे, २,२०० मेगावॉट. ते २०२५ ला बंद व्हायचं होतं, २०३० पर्यंत लांबवलंय. ते गेल्यावर वीज कुठून आणायची?

---

मीठागर

आगीबद्दल लिहिते, कारण दोन्ही बाजूंनी अर्धंच सांगितलं जातं.

मॉस लँडिंगला जे जळलं ते ३०० मेगावॉटचं युनिट होतं. ते जुन्या वीजकेंद्राच्या टर्बाइनच्या इमारतीत, म्हणजे एका छताखाली, रचलं होतं. सेल निकेल-मँगनीज-कोबाल्टचे. अशा सेलमध्ये एकाचं तापमान हाताबाहेर गेलं की शेजारचा पेटतो, मग त्याच्या शेजारचा. पाणी मारून ती साखळी तुटत नाही, म्हणून अग्निशमन दलाने जळू देऊन वाट पाहिली. महिन्याभराने, १८ फेब्रुवारीला, तीच राख पुन्हा धुमसली. तिथल्या सागरी प्रयोगशाळेच्या संशोधकांना शेजारच्या एल्कहॉर्न स्लू खाजणातल्या मातीच्या वरच्या थरात निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट वाढलेलं सापडलं.

हल्ली नवीन साठे लोह-फॉस्फेट सेलचे, उघड्यावर, सुट्या पेट्यांमध्ये, मध्ये अंतर सोडून बांधतात. एक पेटी पेटली तर ती एकच जळावी, हा हेतू. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. "बॅटरी म्हणजे मॉस लँडिंग" असं म्हणणं बरोबर नाही.

तरीही मी खाडीकाठ यांच्या बाजूने आहे. एल्कहॉर्न स्लू आणि मोरो बे ही सारखीच ठिकाणं आहेत: उथळ खाडी, ईलग्रास या समुद्री गवताची कुरणं, समुद्री ऑटर (पाणमांजरं). मोरो बे १९९५ पासून राष्ट्रीय नदीमुख कार्यक्रमात आहे. तेलटाक्यांच्या जागेपलीकडे मोरो क्रीक, ओढा ओलांडला की हायस्कूल. पेटी एकच जळेल, पण तिची राख कुठे उतरेल हे वारा ठरवतो आणि इथला वारा समुद्रावरून गावाकडे येतो.

---

सबस्टेशन

मीठागरताई, तुम्ही सेलच्या प्रकारातला फरक सांगितलात त्याबद्दल खरंच आभार, इतकं नीट कुणी बोलत नाही. पण मग तुमच्या म्हणण्याचा अर्थ असा होतो की सुरक्षित तंत्रज्ञान आलं तरी आमच्याकडे नको. प्रत्येक गाव हेच म्हणालं तर?

---

मीठागर

प्रत्येक गावाला खाडी नसते. आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. याच भागात, हायस्कूलशेजारी, गावाचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र होतं. ते त्याच जागी नव्याने बांधायचं ठरलं तेव्हा राज्याच्या किनारा आयोगाने २०१३ मध्ये परवानगी नाकारली. पूर आणि त्सुनामीचा धोका हे त्यातलं एक मुख्य कारण. इतक्या लहान गावाने खर्च सोसून, पाणीपट्टी वाढवून घेऊन, ते केंद्र आत उंचावर नेलं. ज्यांनी ती बिलं भरली त्यांना आता "बॅटरीला ही जागा चालते" हे कसं पटवायचं?

---

गिरणगावकर

मी कॅलिफोर्निया पाहिलेलं नाही. लालबागमध्ये वाढलो. पण धागा वाचून राहवेना.

आमच्याकडे सहाशे एकरांच्या आसपास गिरण्यांची जमीन होती. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं: गिरणीच्या जमिनीचे तीन भाग करायचे, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कागदावर याहून न्याय्य काय असणार? २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त जी आधीपासून रिकामी आहे तेवढीच. शेड उभी आहे ती जमीन वाटणीतून बाहेर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २००६ मध्ये मालकांच्या बाजूने निकाल लागला. गिरणीत घाम गाळलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत मॉल उभे राहिले.

म्हणून मोरो बेच्या लोकांना माझं एवढंच सांगणं: बॅटरी नको म्हणून जिंकलात, पण हवं काय हे लिहून काढलंत का? एकर, हद्दी, कुणासाठी, किती वर्षांत? "पर्यटन" या शब्दात तर पाचशे खोल्यांचं हॉटेलही बसतं. रिकामी जागा रिकामी राहत नाही. तुम्ही लिहिलं नाहीत तर दुसरा कुणीतरी लिहितो, आणि तो शब्द निवडण्यात हुशार असतो.

---

धुकं

धुराडी पाडू नका. गावाला "तीन धुराडी आणि एक खडक" म्हणूनच ओळखतात. माझ्या मुलांना लांबून ती दिसली की घर आलं असं वाटतं.

---

खाडीकाठ

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

गिरणगावकर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. बरोबर बोट ठेवलंत. ए-२४ ने दार बंद केलं, पण आतल्या खोलीत काय मांडायचं हे ठरलेलं नाही. आणि दारालाही फट आहे: २०२२ च्या एका कायद्यामुळे अशा प्रकल्पाला गावाला वळसा घालून थेट राज्याच्या ऊर्जा आयोगाकडे परवानगी मागता येते. म्हणून निव्वळ "नको" पुरणार नाही, हे मान्य. मला काय हवंय ते लिहितो. बंदराच्या बाजूला मच्छीमारांसाठी जागा: जाळी वाळवायला, बोट ओढून दुरुस्त करायला. आज मोठ्या दुरुस्तीला बोट दुसऱ्या बंदरात न्यावी लागते, हे मासेमारीवर उभ्या राहिलेल्या गावाला शोभत नाही. ओढ्याच्या कडेची पट्टी पाणथळीला परत. उरलेल्यात इथे काम करणाऱ्यांना परवडतील अशी घरं, मात्र पुराच्या रेषेबाहेर.

धुकं, धुराड्यांबद्दल माझंही मन दुखतं. मच्छीमार सांगतात की परत येताना खडकाआधी कधी कधी तीच दिसतात. पण खारं वारं काँक्रीटमध्ये शिरून आतलं लोखंड खातं. तीन धुराडी कायम उभी ठेवायचा खर्च दहा हजारांच्या गावाने कुठून काढायचा? आणि हा खडक सालिनन आणि चुमॅश लोकांना पवित्र आहे. बंदराच्या बांधकामासाठी त्यात खाणी खणून, १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत त्याचे लचके तोडले. त्यात शेजारी त्याच्याशी उंचीत स्पर्धा करणारी धुराडी. खडकाला एकट्याने उभं राहू द्यावं असं मला वाटतं.

सबस्टेशन, तुमचा डायब्लोचा प्रश्न टाळत नाही. त्याचं उत्तर माझ्या मते समुद्रात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मोरो बेसमोरच्या खोल समुद्रात तरंगत्या पवनचक्क्यांसाठी तीन पट्टे लिलावात गेले. चुमॅश सागरी अभयारण्याची हद्द आखताना केबल किनाऱ्यावर आणता याव्यात म्हणून मध्ये वाट सोडली आहे. ती केबल किनाऱ्यावरच उतरणार, तिला समुद्र लागतो. तिला माझा विरोध नाही.

---

सबस्टेशन

म्हणजे केबलला हो, बॅटरीला नाही. तुमच्याच तत्त्वाला धरून आहे, नाही म्हणत नाही. पण जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने समुद्रातल्या पवनऊर्जेचे नवे पट्टे देणंच थांबवलंय. जे पट्टे दिलेत त्यांच्यावर चक्क्या कधी उभ्या राहतील, कुणी सांगावं? बॅटरी दोन-तीन वर्षांत उभी राहते. आजच्या संध्याकाळची वीज आणि पंधरा वर्षांनंतरची वीज यांत तुम्ही नंतरच्या विजेची निवड करताय. आणि कॅरिझो म्हणजे ओसाड माळ नव्हे. तिथे किट कोल्हा आहे, जायंट कांगारू उंदीर आहे, दोन्ही संकटात. तुमच्या खाडीतला ऑटर वाचवायचा आणि त्यांचा कोल्हा जाऊ द्यायचा, हे मला पटत नाही.

बरं, माझी एक अट. स्विचयार्डला हात लावायचा नाही, आणि त्याला लागून दहा एकर केबल आणि रोहित्रांसाठी राखून ठेवायचे. हे गाव लेखी द्यायला तयार असेल तर बॅटरीचा आग्रह मी सोडतो.

---

मीठागर

कोल्ह्याचा मुद्दा बिनतोड आहे. कॅरिझोऐवजी सॅन वाकीन खोऱ्यात, पाण्याअभावी पडीक टाकलेल्या शेतांवर बॅटऱ्या नेता येतील का, हे पाहायला हवं. तिथे जमीन आधीच नांगरलेली आहे.

---

खाडीकाठ

दहा एकर मान्य. पण ते महामार्गाच्या बाजूचे. धक्क्याकडची एक फूटही नाही.