मदत हवी आहे : पेपरमधली ॲक्नॉलेजमेंट (आभार) आणि रेफरन्स (संदर्भयादी) (सोमवारच्या आत)

खाडीकाठ_ऐरोली
लोकहो, घाई आहे. पेपर जर्नलच्या ऑफिसातूनच परत आलाय, रिव्ह्यूअरपर्यंत पोचलासुद्धा नाही. रेफरन्स आमच्या पद्धतीत नाहीत आणि ॲक्नॉलेजमेंट नियमात बसत नाही, एवढंच लिहिलंय. सोमवारी पोर्टल बंद होतंय. गाईड गावी लग्नाला गेलेत, फोन लागत नाही. काय करू?

कळवा_फास्ट
कुठल्या विषयाचं जर्नल? कुठली स्टाइल मागतात? यादी हाताने टाइप केलीय का? ॲक्नॉलेजमेंटमध्ये काय लिहिलंय ते तरी टाका, वाचल्याशिवाय काय सांगणार?

घोडबंदरकर
काही विचारू नका, झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर टाका. फुकट आहे. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, चिकटवला की माहिती आपोआप भरते, वर्डमध्ये स्टाइल बदलली की सगळी यादी बदलते. अर्ध्या तासाचं काम.

जुना_केमिस्ट_वाशी
अर्ध्या तासाचं नाही हो. सॉफ्टवेअर जे खातं तेच ओकतं. मी ठाणे-बेलापूरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रिसर्चमध्ये नोकरी काढली, प्रत्येक रेफरन्स मूळ पेपर समोर ठेवून लिहायचो. त्यामुळे कुठला पेपर नक्की काय म्हणतो ते डोक्यात राहायचं. आता अबस्ट्रॅक्ट वाचून रेफरन्स देतात.

घोडबंदरकर
काका, साठ रेफरन्स असतील आणि मध्ये एक नवा घुसवला तर पुढचे सगळे आकडे हाताने बदलणार का? शिवाय मागे घेतलेला पेपर यादीत असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवतं. ते हाताने कसं कळणार?

खाडीकाठ_ऐरोली
पर्यावरणाचं जर्नल आहे. ठाणे खाडीच्या गाळातले जड धातू हा विषय. यादी हाताने, आडनावाच्या अकारविल्हे. त्यांना चौकोनी कंसात आकडे हवेत. ॲक्नॉलेजमेंटमध्ये विभागप्रमुख, आईबाबा, लॅब असिस्टंट, होडी देणारे विटाव्याचे नाखवा आणि ग्रँट नंबर, सगळं एका परिच्छेदात आहे.

नवी_मुंबई_पालक
यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या 'केअर' यादीत आहे का ते आधी बघा, नाहीतर पीएचडीला धरणार नाहीत.

कळवा_फास्ट
ती यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली. आणि हे त्यांनी विचारलेलंच नाही.

ग्रंथपाल_नेरुळ
खाडीकाठ, आकड्यांच्या पद्धतीत यादी सहसा अकारविल्हे नसते. मजकुरात जो पेपर आधी येतो तो १. यादी झोटेरोत भरा, पण काका म्हणतात तेही खरं आहे, भरल्यावर एकेक नोंद उघडून बघा. आपल्याकडच्या लेखकांची नावं हमखास बिघडतात. दहावीच्या मार्कशीटसारखं 'पाटील सुनील रमेश' असं छापलेलं असलं तर सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव समजतं आणि यादीत वडिलांचं नाव आडनाव होऊन येतं. मग त्या माणसाचं काम शोधणाऱ्याला सापडत नाही. कोणाच्या मेहनतीचं श्रेय नीट त्याच्या नावावर जावं, म्हणून हा खटाटोप करायचा.

आता ॲक्नॉलेजमेंट. आईबाबा थिसिसमध्ये ठेवा, पेपरमध्ये बहुतेक जर्नलना नको असतात. ग्रँट नंबर बहुतेक ठिकाणी 'फंडिंग' या वेगळ्या मथळ्याखाली जातो. लॅब असिस्टंटनी नेमकं काय केलं ते लिहा: गाळ वाळवला, चाळला, ॲसिडमध्ये पचवला. नुसतं 'मदत केली' याने कळत नाही.

जुना_केमिस्ट_वाशी
विभागप्रमुखांचं नाव लेखकांत घाला, पुढे त्रास होत नाही.

ग्रंथपाल_नेरुळ
नाही काका, इथे मी अडून बसणार. १९७८ मध्ये व्हँकुव्हरला वैद्यकीय जर्नलचे संपादक जमले, त्या गटाचे आज चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा वैचारिक दुरुस्ती, अंतिम प्रतीला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. नुसती देखरेख किंवा निधी आणणं पुरत नाही. त्यांचे आभार माना, तेच योग्य. इतर शाखांतली बरीच जर्नलंही हे धरून चालतात.

खाडीकाठ_ऐरोली
सर म्हणाले होते, नाखव्यांचं नाव शास्त्रीय पेपरात शोभत नाही, 'स्थानिक मच्छीमार' लिही. पण भरती-ओहोटी बघून कुठे होडी रुतेल, कुठला गाळ जुना, हे त्यांनीच दाखवलं. नमुन्यांच्या जागा त्यांच्यामुळे ठरल्या.

ग्रंथपाल_नेरुळ
मग पूर्ण नाव लिहा. आधी विचारा मात्र, नाव छापायला त्यांची लेखी परवानगी घेतलेली बरी. वाक्य असं करा: 'नमुन्यांच्या जागा निवडताना खाडीच्या प्रवाहाची माहिती दिल्याबद्दल आणि होडी चालवल्याबद्दल अमुक यांचे आभार.'

पाणथळप्रेमी_ठाणे
खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, पेपरात ते घातलंय ना? फ्लेमिंगो बघायला ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, जरूर जा.

कळवा_फास्ट
एक राहिलं. रिव्ह्यू डबल-ब्लाइंड आहे का, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर यांना एकमेकांची नावं कळू न देणारा?

खाडीकाठ_ऐरोली
हो, तसं लिहिलंय. त्याचा काय संबंध?

कळवा_फास्ट
अहो, तिथेच अडलंय! विभागप्रमुखांचं नाव आणि ग्रँट नंबर मुख्य फाइलमध्ये असेल तर लेखक कोण ते लगेच ओळखू येतं. आभार आणि फंडिंग दोन्ही टायटल पेजच्या वेगळ्या फाइलमध्ये हलवा. वर्डच्या फाइलच्या माहितीतलं तुमचं नावही काढा.

घोडबंदरकर
आणि 'आमच्या आधीच्या पेपरात' असं कुठे लिहिलंय का ते शोधा. तिथे तिसऱ्या माणसाचं काम असल्यासारखं लिहायचं.

खाडीकाठ_ऐरोली
दोन ठिकाणी आहे. बदलतेय. नाखव्यांच्या मुलीशी फोनवर बोलले, नावाचं स्पेलिंग तिने आधार कार्ड बघून सांगितलं, परवानगीचं पत्र उद्या सकाळी विटाव्याला जाऊन घेईन. झोटेरोत डीओआय टाकतेय, पण जुन्या मराठी जिल्हा गॅझेटियरला डीओआय नाही, ते कसं भरायचं?

ग्रंथपाल_नेरुळ
'पुस्तक' प्रकार निवडून हाताने भरा: लेखकाच्या जागी प्रकाशन करणारं खातं, मग शीर्षक, गाव, वर्ष. शीर्षक रोमन लिपीत लिहून भाषा मराठी आहे असं नोंदवा.