मदत हवी आहे: शॅडोइंग फक्त डॉक्टरांचंच धरतात का?

मृदगंध_७
घाईत लिहितेय. लेक ज्युनियर आहे, मेडिकलला अर्ज करायचाय. शॅडोइंग झालंय ते फक्त ओळखीच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे. बाकी क्लिनिकना ईमेल करून थकली, कुणी उत्तरच देत नाही. आता एक पीए (फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांसोबत पेशंट तपासणारे) आणि एक फिजिकल थेरपिस्ट तयार झालेत. ते तास धरतात का, की वेळ वाया? उद्या त्यांना कळवायचंय.

रानवारा
कुठला देश, ताई? आपल्याकडे नीटचे मार्क सोडून कुणी काही विचारत नाही. आणि शॅडोइंग म्हणजे काय, डॉक्टरांच्या मागेमागे फिरायचं?

मृदगंध_७
अमेरिका. पीए म्हटलं ना वर! हो, मागेमागेच.

निशाचर
ज्युनियर म्हणजे अकरावी की कॉलेजचं तिसरं वर्ष? दोन्हीची उत्तरं वेगळी.

चिंचगुळ
अकरावीत असेल तर बीएस-एमडीला टाका, कॉलेज आणि मेडिकलचा (तिथे एमडी म्हणजे डॉक्टरकीची पहिलीच पदवी) जोडकोर्स. आमच्या शेजाऱ्यांची मुलगी गेली, तिला एमकॅटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, कटकटच नव्हती.

मृदगंध_७
कॉलेज. पुढच्या उन्हाळ्यात अर्ज.

निशाचर
मग वेळ आहे. तास धरतात, पण डॉक्टरांच्या तासांऐवजी नाही, त्यांच्या जोडीला. एएमकॅसच्या, म्हणजे एमडी कॉलेजांच्या सामाईक, अर्जात अनुभवांच्या एकूण १५ नोंदी करता येतात, एका नोंदीच्या वर्णनाला ७०० अक्षरं, त्यात स्पेसही आल्या. बहुतेक मुलं सगळं शॅडोइंग एकाच नोंदीत बसवतात: कोणाबरोबर, कुठे, किती तास. त्यात नुसतं त्वचारोग दिसलं तर लंगडं वाटतं. फॅमिली मेडिसिन किंवा इंटर्नल मेडिसिनचं कुणीतरी हवंच.
पीएकडे मात्र जरूर पाठवा. मुलाखतीत हमखास विचारतात, 'डॉक्टरच का, पीए किंवा नर्स का नाही?' ज्याने त्यांचं काम पाहिलंच नाही तो तिथे पाठ केलेलं बोलतो, आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

पाटीपेन्सिल
मला हे शॅडोइंगचं खूळच पटत नाही. कोपऱ्यात उभं राहून काय कळतं? माझा मुलगा इमर्जन्सीत स्क्राइब होता, म्हणजे डॉक्टर पेशंट तपासताना नोंदी टिपणारा. पगार मिळाला, वर डॉक्टरांचं शिफारसपत्रही. स्क्राइब करा, बाकी सोडा.

निशाचर
स्क्राइब उत्तमच, पण ते क्लिनिकल कामात मोडतं. काही कॉलेजं शॅडोइंग वेगळं बघतात. आणि सगळ्यांना स्क्राइबची नोकरी मिळते का?

पाटीपेन्सिल
शॅडोइंग तरी कुठे मिळतंय सगळ्यांना? ज्यांच्या गोतावळ्यात डॉक्टर, त्यांचीच चंगळ.

निशाचर
ते मान्य.

सायली_अ
ताई, ईमेल सोडा, फोन करा. डॉक्टरांना नाही, ऑफिस मॅनेजरला. तुमच्या स्वतःच्या फॅमिली डॉक्टरला विचारलंत का? लेकीच्या लहानपणच्या पिडिअॅट्रिशियनला? आणि मुख्य म्हणजे ते पीए कुठल्या क्लिनिकमध्ये आहेत? तिथे डॉक्टर असतीलच. माझी भाची अशीच शिरली, आधी पीएबरोबर, मग त्यांनीच डॉक्टरांशी गाठ घालून दिली. मोठ्या हॉस्पिटलमध्ये टीबीची टेस्ट, फ्लूची लस, हिपाचं (पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याच्या कायद्याचं) ट्रेनिंग मागतात, त्याला वेळ लागतो, ते आधी उरकून घ्या. रोज घरी आल्यावर काय पाहिलं ते लिहून ठेवायला सांगा. पेशंटचं नाव, ओळख काही नको.

चिंचगुळ
नाहीतर सुटीत भारतात पाठवा ना. मामा-काकांच्या दवाखान्यात टाकेसुद्धा घालू देतील.

निशाचर
कृपा करून नको! शिक्षण नसताना पेशंटला हात लावला हे अर्जात वाचलं की कॉलेजं बिचकतात. परदेशात प्री-मेड (मेडिकलची तयारी करणाऱ्या) मुलांनी काय करू नये याच्या सूचना खुद्द एएएमसीने, म्हणजे इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, काढल्यात. बघायला हरकत नाही, पण इथली व्यवस्था पाहिल्याचा पुरावा तो होत नाही.

मृदगंध_७
पीए फॅमिली मेडिसिनच्याच क्लिनिकमध्ये आहेत! डॉक्टर कोण ते बघितलं, नावापुढे डीओ आहे. ते चालतील का? तिला एमडी करायचंय.

सायली_अ
अहो, धावतील! डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची पदवी, कॉलेजं वेगळी, पण तेही एमडींसारखेच पूर्ण परवानाधारक डॉक्टर असतात, औषधं लिहितात, सर्जरीही करतात. डीओ कॉलेजांनाही अर्ज केला तर त्यातल्या काहींना डीओंचंच पत्र लागतं. उद्याच हो म्हणा.

मृदगंध_७
कळवते. आणि फिजिकल थेरपिस्ट?

पाटीपेन्सिल
एक दिवस पुरे. बाकीच्या वेळात स्क्राइब.