शब्दचर्चा: 'होमब्रू पॉवर'ला 'गावठी विद्या' म्हणावं का?

(चर्चेत: सुरंगी, भांगाची भरती, दप्तरी, खळ्यातली तुळस)

सुरंगी

मालवणात आमची पाच जणांची बैठक आहे. शनिवारी रात्री जेवणं उरकली की पडवीत चटई टाकायची, फासे, वही, पेन्सिली घ्यायच्या आणि गोष्ट खेळायची. एक जण सूत्रधार, बाकी चौघांचं एकेक पात्र. माझं पात्र काय करायला निघालंय ते मी सांगायचं, जमलं की फसलं ते फासा सांगणार. सुरुवात 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने केली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला आणि या जातीचे बाकीचे खेळ त्याच्या मागून आले. दोन पावसाळे तो खेळलो. मग वाटायला लागलं, दारात खाडी असताना आपण बर्फातले किल्ले कशाला लढवतोय? आता आमची गोष्ट कल्पनेतल्या एका गावात घडते. तिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आहे, मांगर आहेत, पाणंदी आहेत, एक जुनी तळी आहे.

पात्रांच्या अंगी जे अलौकिक असतं ते आम्हीच रचतो. इंग्रजीत अशा घरी रचलेल्या गोष्टींना 'होमब्रू' म्हणतात आणि अंगच्या त्या गोष्टीला 'पॉवर'. आमच्या वहीवरही 'होमब्रू पॉवर' असंच लिहिलंय आणि तो शब्द दर वेळी मला टोचतो. गेल्या शनिवारी गोष्टीत ऐन वादळ होतं, होडी उलटायला आलेली, सगळे श्वास रोखून बसलेले, आणि एक जण म्हणाला, "मी माझी पॉवर वापरतो." तिथेच वादळ संपलं. मराठीत पॉवर चष्म्याला असते, पंपाला असते, पुढाऱ्याच्या हातात असते. वादळात होडी धरून ठेवणाऱ्याच्या अंगी जे असतं त्याला आपल्याकडे शब्द असणारच. कोणता?

भांगाची भरती

त्यातला सोपा भाग आधी. होमब्रू म्हणजे मुळात घरी केलेली बिअर. तिचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे: गावठी. गावठी दारू म्हणजे अर्थाने तेच. पण कोकणात हा शब्द दारूपाशी थांबत नाही. गावठी कोंबडी, गावठी अंडी, गावठी काजू. आठवडी बाजारात बाई "गावठी आसा" म्हणाली की तिने भावही सांगितला आणि खात्रीही दिली. शहरात गावठी म्हणजे अडाणी. इथे गावठी म्हणजे याच मातीतलं, कंपनीतून न आलेलं, म्हणून चांगलं. 'घरगुती' म्हटलं की गॅस सिलिंडर डोळ्यांपुढे येतो. 'स्वरचित' कवितेला ठीक आहे. माझं मत गावठीला.

दप्तरी

गावठीला माझंही मत. आता पॉवरकडे. त्या खेळातसुद्धा सगळ्याला पॉवर म्हणण्याची पद्धत जुनी नाही. मंत्राला वेगळा शब्द, अंगच्या कौशल्याला वेगळा, असंच चालत आलं होतं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत लढवय्यापासून मांत्रिकापर्यंत सगळ्यांच्या करामती 'पॉवर' या एका नावाखाली आणल्या. त्यामुळे आपल्याला एकच मराठी प्रतिशब्द सापडला पाहिजे, हा आग्रह मुळात सोडून द्यावा.

'शक्ती' पहिल्यांदा सुचतो, पण तो फार पातळ आहे. 'मी करू शकतो' यातलं शकणं आणि शक्ती एकाच धातूचे. म्हणजे 'जमतं' एवढंच तो सांगतो. कसं जमतं, कुणामुळे, किती दिवस, यातलं काहीच नाही.

'सिद्धी' जड आहे. ती साधावी लागते. अणिमा, लघिमा धरून आठ महासिद्धी आपण लहानपणापासून ऐकतो. पतंजलीच्या योगसूत्रांचा तिसरा पाद या विभूतींवरच आहे आणि तिथेच तो सांगतो की समाधीच्या वाटेवर या सिद्धी म्हणजे अडथळे. मिळवण्यात आयुष्य जातं आणि मिळाल्यावर त्याच आडव्या येतात. खेळातल्या म्हाताऱ्या जोग्याला हे शोभेल, वीस वर्षांच्या खलाशाला नाही.

'विद्या' मात्र मला फार आवडते, कारण ती शिकता येते, शिकवता येते, चोरताही येते. कच शुक्राचार्यांकडे संजीवनी शिकायला गेला. देवयानीने त्याला शाप दिला की ही विद्या तुला फळणार नाही. तो म्हणाला, मला नाही फळली तरी मी ज्याला शिकवेन त्याला फळेल. खेळात हे जसंच्या तसं आणा. ज्याला येते त्याला वापरता येत नाही, त्याने शिकवलेल्याला येते. अशी जोडी पडवीत बसली तर त्या दोघांना एकमेकांना सोडून जाताच येणार नाही, आणि त्यासाठी नियमांचं पान वाढवावं लागणार नाही.

यावरून मला वाटतं, नावापेक्षा त्या नावामागचं क्रियापद बघावं. सिद्धी साधतात. विद्या शिकतात. वर मागतात. शाप देतात. मूठ मारतात. दृष्ट लागते. वारं अंगात येतं. कौल लावतात. यांतल्या प्रत्येकात कर्ता वेगळा आहे. मूठ मारणारा माणूस आहे, म्हणून फासा खेळाडूच्या हातात. दृष्ट लागते, ती कुणी 'लावत' नाही. ज्याची लागली त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो. मग तो फासा सूत्रधाराने हळूच टाकावा. अंगात येतं तेव्हा पात्र खेळाडूचं राहतच नाही. 'वापरणे' हे क्रियापद यांतल्या एकालाही लागत नाही. सुरंगीला जे टोचलं ते पॉवरपेक्षा 'वापरतो' असावं.

खळ्यातली तुळस

दप्तरींचा मुद्दा मी आमच्या आजीला सांगितला. ती म्हणाली, "गाराणा म्हणनत नाय रे, गाराणा घालतत. आनी घालणारो एकटो नसता, मागसून सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणाक व्हया."

देशावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे ती देवापुढची विनवणी. एक जण गावाचं, घराचं, पोराबाळांचं मागणं बोलत जातो आणि प्रत्येक मागण्यावर बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते "व्हय म्हाराजा" नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. तेव्हा खेळात गाऱ्हाणं ठेवायचं असेल तर ते एका पात्राचं असूच शकत नाही. बाकीच्या खेळाडूंनी खरोखर तोंडाने म्हणायला हवं. एक जरी गप्प बसला तरी मागणं अडेल. तो का गप्प बसला, ही पुढच्या शनिवारची गोष्ट.

कौलाचंही तसंच. कौल म्हणजे अरबीतला शब्द, बोल, वचन. जनतेचा कौल, कौलनामा हे सगळे त्याचे. (छपरावरचं कौल हा वेगळा शब्द, त्याच्याशी याचा संबंध नाही.) देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा पानं लावायची, प्रश्न विचारायचा, उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. म्हणजे हा आपला फासाच झाला. पण नाण्यासारखा दोन बाजूंचा नाही. तिसरी शक्यता असते ती पान न पडण्याची. सगळे हात जोडून उभे, पाण्याचा थेंब पानाच्या टोकावर आलेला, आणि पान हलत नाही. सहा बाजूंचा फासा घेतला तर एक-दोन डावा, पाच-सहा उजवा, आणि तीन-चार पडले तर थांबायचं, गोष्टीतली वेळ पुढे सरकू द्यायची, मग पुन्हा विचारायचं. दार फुटायला आलं असताना ते थांबणं कसं वाटेल बघा.

सुरंगी

तुळस, ते तीन-चारचं मी वहीत उतरवून घेतलं. दप्तरी, तुमची क्रियापदाची कसोटी या शनिवारी लावून पाहिली. ज्या शब्दावर लावली तो इथे अजून आलेला नाही: पायाळू.

माझी आत्या पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेली. कुणाच्या पाठीत उसण भरली की माणूस आमच्या खळ्यात येऊन पालथा पडायचा आणि सात-आठ वर्षांची ती पोर त्याच्या पाठीला पाय लावायची. मोठी माणसं, रापण ओढणारी, हाताचे पंजे फळीसारखे झालेली, तिच्यापुढे अशी पडलेली तिला आठवतात. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं असंही म्हणायचे. पण वळवाचं आभाळ भरून आलं की तिला घराच्या उंबऱ्याबाहेर सोडत नसत, कारण वीज पायाळू माणसाला शोधत येते असा समज. बाकीची पोरं पहिल्या पावसात भिजायची आणि ती खिडकीच्या गजांना धरून बघायची. आजही ती हे सांगते तेव्हा बरी झालेली माणसं एका वाक्यात संपतात आणि त्या खिडकीवर ती बराच वेळ असते.

आमच्यातल्या एकीने पायाळू मुलीचं पात्र घेतलं. गोष्टीत रापणीचा दोर ओढताना म्हाताऱ्या तांडेलाच्या, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याच्या, पाठीत उसण भरली. माणसं कमी, जाळं अर्धं पाण्यात. ती म्हणाली, "मी त्यांच्या पाठीला पाय लावते." वापरते नाही, पाय लावते. सूत्रधाराने फासा उचललाच नाही. त्याने विचारलं, "आभाळ कसं आहे?" आणि आम्ही पाचही जण गप्प झालो, कारण उत्तर काय दिलं तर काय होणार ते आम्हाला कुणीही समजावलेलं नसताना ठाऊक होतं. बाहेर कौलांवर खरा पाऊस लागला होता. ती म्हणाली, "भरलंय."

मग तिथल्या तिथे नियम ठरला. उसण उतरणार, त्याला फासा नाही. पण उघड्यावर, भरल्या आभाळाखाली पाय लावला तर दोन फासे टाकायचे आणि सात पडले तर वीज. दोन फाशांत सात हे सगळ्यांत जास्त वेळा पडणारं दान आहे, छत्तिसांत सहा वेळा. आठ पडले. चटईवरचे ते दोन फासे, पाच आणि तीन, आम्ही किती वेळ बघत होतो सांगता येत नाही.

तर 'पायाळू' या एका शब्दात काय करता येतं, कसं करायचं आणि काय मोजायचं हे तिन्ही आहे. आणि हो, 'रोल'ला आम्ही आता 'दान'च म्हणतो. सोंगट्यांच्या पटावरचा शब्द, घरात होताच.

भांगाची भरती

पायाळूच्या जवळचे आणखी: हातगुण, पायगुण, काळी जीभ, पाणाड्या. हातगुण 'असतो', काळी जीभ 'असते', शिकून येत नाही. पाणाड्याने मात्र पाणी 'दाखवायचं' असतं, म्हणजे चुकलं तर सगळ्या गावासमोर चुकणार. विहीर खणून कोरडी निघाली की मग गाठ त्याच्याशी.

एक सांगायचंच आहे. करणी आणि चेटूक हे शब्द नायकांच्या हाती देऊ नका, आणि गोष्टीतल्या कुठल्याही एकट्या बाईवर तर नकोच. या शब्दांनी खऱ्या गावांत खरी माणसं मारहाण सोसतात, वाळीत पडतात. त्यासाठी महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला. करणी हा शब्द 'करणे'तून आलेला, वरवर निरुपद्रवी, पण तो नेहमी दुसऱ्याने तिसऱ्यावर घातलेला आरोप असतो. "मी करणी केली" असं कोण म्हणतं? त्याचं क्रियापद 'केली म्हणतात' हे आहे. ठेवायचाच असेल तर विद्या म्हणून नको, अफवा म्हणून ठेवा, आणि पात्रांना त्या अफवेशी झुंजू द्या.

दप्तरी

पूर्ण सहमत. त्याच अंगाने दुसरं: आपले देव उचलून पात्रांच्या अंगी चिकटवू नयेत. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्या मोठ्या चपला वाहतात, आणि तो रात्री गावभर फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. ती त्या गावाची. पण झिजण्याची कल्पना आपण घेऊ शकतो. कल्पनेतल्या गावाचा कल्पनेतला राखणदार, त्याने दिलेली एखादी वस्तू, आणि प्रत्येक फेरीला ती थोडी झिजते. वहीत चौकोन काढून खोडत जायचे. शेवटचा चौकोन खोडला की राखण, म्हणजे राखणदाराचा मान, द्यायला जावं लागणार.

खळ्यातली तुळस

एक शब्द राहिला. त्या चौथ्या आवृत्तीत कुठली पॉवर किती वेळा याचे तीन प्रकार होते ना? हवी तेव्हा, एका चकमकीत एकदा, दिवसातून एकदा. 'दिवसातून एकदा' हे आपल्या गावात औषधाच्या बाटलीसारखं वाटतं.

सुरंगी

ते आम्ही 'भरतीला एकदा' केलंय. दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांना थोडे कमी, आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे वेळ सारखी बदलती राहते. तिथीची पाऊणपट केली की साधारण वेळ मिळते, हा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला विद्या दुप्पट फळते, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी चढणाऱ्या, भरतीला निम्मी.

वहीवरचं जुनं नाव खोडलंय. वर 'गावठी विद्या' लिहिलं, आत प्रत्येक पानावर ज्याचा त्याचा शब्द आणि त्याचं क्रियापद. पुढच्या शनिवारी अष्टमी आहे. भरती सहाला येऊन गेलेली असेल आणि आम्ही बसणार नऊला. पुढची भरती पहाटे साडेसहाच्या आसपास, म्हणजे रात्रभर कुणालाच काही परत मिळणार नाही. तांडेलाची पाठ तेवढी सांभाळायला हवी.