मदत हवी आहे: मे अखेरीला भंडारदरा परिसर, सोबत ७३ वर्षांची आत्या आणि १५ वर्षांचा भाचा

नमस्कार मंडळी,

इंदूरहून माझी आत्या येतेय, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. वय ७३. उजवा गुडघा बदललेला, डावा "बदलायचा नाही म्हणजे नाही". सोबत आत्येभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं, १५ आणि ९ वर्षांची. मी मुलुंडला राहते. हाताशी चार दिवस आहेत. राणीची बाग, गेटवे, सिद्धिविनायक मागच्या दोन खेपांना झालं. महाबळेश्वरचं नाव काढलं तर आत्या म्हणाली, "गर्दीच बघायची तर आमचा सराफा काय वाईट आहे?" म्हणून भंडारदरा डोक्यात आलंय.

अडचण अशी. भाच्याला कळसूबाई चढायचंय, सांदण दरी उतरायचीय, शिवाय हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा त्याने व्हिडिओत बघून ठेवलाय. आत्याला जुनी देवळं लागतात. ती शाळेत इतिहास शिकवायची, त्यामुळे "हेमाडपंती आहे" एवढ्यावर तिची बोळवण होत नाही, कोणी बांधलं आणि कशावरून, हे तिला सांगावं लागतं. तिने एकच अट घातलीय : "तुम्ही डोंगर चढाल आणि मला गाडीत एसी लावून बसवाल, असं करायचं नाही." ही अट मला सगळ्यात अवघड वाटतेय.

काजवे दाखवायची इच्छा आहे, पण धास्तीही आहे. गेल्या वर्षी मी दादरहून सुटणाऱ्या एका सहलीबरोबर गेले होते, शनिवारी. रात्री नऊला भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावाच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकलो ते साडेअकरापर्यंत. शेवटी एका झाडाखाली उतरवलं, तिथे चाळीस जण मोबाईलचे टॉर्च लावून काजवे शोधत होते. आमच्या संयोजकाने वर स्पीकर लावला. काजवे दिसले नाहीत, संयोजकाचा वाढदिवस मात्र साजरा झाला.

तर कोणता आठवडा, कोणतं गाव, आत्याला झेपेल असं काय, आणि मे महिन्यात धबधबे नसताना माणसं तिकडे बघतात तरी काय? गाडी आहे, सात जणांची. हॉटेल नको, गावात कुणाच्या घरी राहायला आवडेल. कमोड मात्र हवा, त्यावर तडजोड नाही.

आगाऊ आभार.

डोंगरउतार :

सगळ्यात आधी हरिश्चंद्रगड यादीतून काढा. पाचनईची वाट सगळ्यात सोपी म्हणतात, ती आपल्यासारख्यांना सोपी. आत्यांना नाही. भाच्याला सांगा, तो गड थंडीत स्वतंत्र दोन दिवस काढून करायचा असतो. केदारेश्वराच्या गुहेतलं बर्फासारखं पाणी, चार खांबांपैकी उरलेला एक खांब, कोकणकड्यावरची संध्याकाळ हे घाईत उरकण्यासारखं नाही.

कळसूबाई जमेल. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, त्यामुळे शाळेत जाऊन सांगायलाही बरं. पण मे महिन्यात सकाळी आठला बारी गावातून चढायला लागाल तर निम्म्यावर कातळ तापतो आणि वर पाण्याची खात्री नाही. पहाटे तीनला निघा. विजेरी, माणशी तीन लिटर पाणी, गावातला एक वाटाड्या. शिड्या मजबूत आहेत. सूर्योदय वरून बघायचा आणि नऊ-साडेनऊला खाली. आत्यांची तोवर झोपही मोडत नाही, म्हणजे "मला बसवून ठेवलं" हा प्रश्नच येत नाही.

९ वर्षांच्या मुलीला नेऊ नका असं मी म्हणणार नाही, माझी साडेआठची चढली होती. उतरताना मात्र रडली.

वीरगळ :

आत्यांसाठी लिहितो, कारण हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा.

रतनवाडीचं अमृतेश्वर. गाडी जवळपर्यंत जाते, चालणं फारसं नाही. रतनगडाच्या पायथ्याला, प्रवरेच्या उगमापाशी. हे देऊळ शिलाहार राजा झंज याच्या नावावर सांगतात, म्हणजे नववं शतक. बारा नद्यांच्या उगमाजवळ त्याने बारा शिवालयं बांधली अशी परंपरा आहे आणि हरिश्चंद्रगडावरचं हरिश्चंद्रेश्वर देऊळही त्यातलंच मानतात. आता आत्या विचारतील "कशावरून?" तर त्यांना शिखर दाखवा. भूमिज पद्धतीचं आहे : मुख्य शिखराच्या छोट्या छोट्या प्रतिकृती रांगेने एकावर एक रचत वर नेलेल्या. सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखरही याच पद्धतीचं, आणि ते यादवकाळातलं. दोन्ही एका सहलीत बघितली तर शिखरांची तुलना करून अमृतेश्वर किती जुनं असावं यावर आत्याच तुम्हाला व्याख्यान देतील. मी स्वतः दोनदा मत बदललंय.

देवळाजवळची पुष्करणी चुकवू नका. चौकोनी कुंड, भिंतीत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे, आणि त्यात विष्णूच्या मूर्ती. पायऱ्या उतरायची गरज नाही, काठावरून नीट दिसतं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी चढतं आणि पिंड पाण्यात जाते. मे महिन्यात ती कोरडी, मोकळी दिसते, हा उन्हाळ्याचा फायदा समजा. सकाळी आठच्या आत जा. तिरपं ऊन कोरीव कामावर असतं, आणि गर्दी झोपलेली असते.

गोंदेश्वरासाठी परतताना घोटीवरून सिन्नरकडे वळा. वाकडी वाट आहे, पण पंचायतन इतकं शाबूत क्वचित बघायला मिळतं : मधे मोठं शिवमंदिर, चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, सगळं एकाच जोत्यावर. जोतं चढायच्या पायऱ्या आहेत, तिथे आत्यांना हात द्या.

अकोलेकर :

ताई, मी त्याच भागातला. नोकरीला ठाण्यात, घर राजूरकडं. जरा सविस्तर सांगतो.

काजव्यांची तारीख कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका. वळवाचा एखादा चांगला सडाका पडला, हवेत दमटपणा आला की ते वाढतात. मे संपता संपता सुरू होतात, मृग लागून पाऊस जोर धरला की संपतात. म्हणजे तुमचा आठवडा बरोबर आहे, पण शनिवार-रविवार टाळा. सोमवार ते गुरुवार या. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर बसतात. एखाद्या झाडावर हजारोंनी असतात आणि सगळे एका लयीत उघडझाप करतात. बोलावणं असतं ते, नराचं मादीला. तुमच्या टॉर्चचा झोत पडला की त्यांचं बोलणंच तुटतं. म्हणून गाडीचे दिवे बंद, मोबाईल खिशात, डास पळवायचं मलम नको. अभयारण्य आहे, वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते आणि रात्री थांबायची वेळ ठरलेली असते, ती नाक्यावरच विचारा. गर्दीच्या ठिकाणी जायची गरज नाही. ज्यांच्या घरी उतराल त्यांनाच म्हणा, "तुमच्या बांधावरचं झाड दाखवा." आत्यांना अंगणात खुर्ची टाकून दिसतील.

आता, मे महिन्यात काय बघायचं. आमच्याकडं मे महिन्यात पेरणीची तयारी चालते. भाताच्या रोपासाठी जमिनीच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, गवत रचून जाळतात, त्याला राब म्हणतात. पोरांना ते दाखवा. काळ्या झालेल्या त्या तुकड्यात जूनमध्ये भात पेरायचं आणि रोप मोठं झालं की उपटून दुसरीकडं लावायचं. बायामाणसं सकाळी लवकर करवंदं काढायला जातात, तुमच्या वहिनी जाऊ शकतात. काटे लागतात, तेवढी तयारी ठेवा. जांभळं तोवर पिकायला लागलेली असतात. रायवळ आंबा असतोच.

आणि एक बोलतो, राग मानू नका. मे महिन्यात आमच्या वाड्यांवर पाणी कमी असतं. धरण समोर दिसतं, तरी वरच्या वाडीतली बाई हंडा घेऊन दरीत उतरते. इकडं येताना वाटेत तुम्हाला शहापूर तालुका लागेल. मुंबईच्या नळाला जे भातसा-तानसाचं पाणी येतं ते तिथलं, आणि उन्हाळ्यात टँकर फिरतात तेही तिथंच. कमोड मिळेल, मुरशेत-शेंडी भागात बऱ्याच घरी आता आहे. शॉवर मागू नका. एक बादली पुरते.

कसारा फास्ट :

अकोलेकर, +१. शॉवरवरून गेल्या साली आमच्या ग्रुपमध्ये भांडण झालं होतं, त्यातला एक मीच.

रस्त्याचं सांगतो. मुलुंडहून नाशिक हायवे, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, तिथून उजवीकडे वळून बारी आणि पुढे शेंडी. ५ जून २०२५ पासून आमणे ते इगतपुरी समृद्धी महामार्ग सुरू झालाय, त्यात जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, घाट चुकतो. टोल भरावा लागतो, पण पाठीचा त्रास असलेल्या माणसासोबत असाल तर भराच. पेट्रोल घोटीला भरून घ्या.

माझ्यासारखे गाडी नसलेले : पहाटेची कसारा लोकल, बाहेर शेअर जीप. पण सहा माणसं आणि एक गुडघा, तर विसरा.

चिमणचारा :

कुणी सांदणचं लिहिलं नाही म्हणून. साम्रद गावातून घळीचं तोंड फार लांब नाही, पण आत मोठमोठे दगड आहेत, मधे गार पाण्याचा डोह. भाऊ आणि भाच्याला वाटाड्याबरोबर अर्ध्यापर्यंत जाऊन परत यायला सांगा. वळीव भरून आला असेल तर आत पाय ठेवू नका, दोन्ही बाजूंना सरळ भिंती आहेत, पाणी आणि दगड दोन्ही वरूनच येतात. तोवर आत्यांना साम्रदच्या पठारावर बसवा. समोर अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले असतात. ही गाडीत बसवणं नव्हे. मी स्वतः गरोदर असताना तिथे दीड तास बसले होते, नवरा आत गेलेला. मला वाटतं जास्त मीच बघितलं.

पुढे घाटघरला कोकणकडा आहे, तिथेही गाडीतून उतरून लगेच दरी. भाच्याला "कोकणकडा बघितला" म्हणता येईल. कोणता, ते त्याने सांगायची गरज नाही.

वीरगळ :

आत्या इतिहासाच्या, तर हेही. भंडारदऱ्याचं धरण १९१०मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६मध्ये पुरं झालं, विल्सन डॅम, जवळपास २७० फूट उंच, दगडी. खालच्या नगर जिल्ह्यातला ऊस ज्या कालव्यांवर उभा राहिला त्यांचं पाणी इथलं. आणि याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. महादेव कोळ्यांना घेऊन सावकार आणि इंग्रजांविरुद्ध लढले, २ मे १८४८ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. मुलुंडहून निघताना तुम्ही ठाण्यावरूनच जाणार, तिथेच सांगायला सुरुवात करा.

वेळ उरला तर कोंभाळणे गावही याच तालुक्यात. राहीबाई पोपेरे यांचं, ज्यांना २०२०ची पद्मश्री मिळाली. गावठी बियाण्यांचं त्यांचं काम बघायचं तर आधी कळवून जा, लोकांच्या घराचं संग्रहालय करू नये.

धागाकर्ती :

सगळ्यांचे खूप आभार! काल रात्री हे सगळं आत्याला फोनवर वाचून दाखवलं. चाळीस मिनिटं. पुष्करणीचं ऐकून तिने वही काढली.

आता असं ठरतंय. सोमवारी दुपारी निघून शेंडीला पोहोचायचं, रात्री अंगणातले काजवे, दिसले तर दिसले. मंगळवारी पहाटे बापलेक कळसूबाईला, आम्ही बायका करवंदांना (आत्या म्हणतेय ती टोपली धरून बांधावर बसेल, पण येणार). दुपारी झोप. बुधवारी सकाळी आठच्या आत अमृतेश्वर, मग साम्रद आणि घाटघर. गुरुवारी सिन्नर करून परत. हरिश्चंद्रगड बाद, भाचा रुसलाय. डिसेंबरचं वचन दिलंय, भावाने, माझ्या वतीने.

अकोलेकर, पाण्याचं सांगितलंत ते बरं झालं, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही पिण्याचे दोन कॅन घोटीहून भरून नेऊ. एकच विचारायचं राहिलं : ज्यांच्या घरी राहू त्यांच्यासाठी मुंबईहून काय नेलेलं चालेल? मिठाई नेणं मला पाहुणचारासारखं वाटत नाही.

अकोलेकर :

मिठाई मुंग्या खातात. भाजी आणा, मे महिन्यात आमच्याकडं ताजी भाजी महाग. कोबी, वांगी, टोमॅटो, चांगल्या दोन पिशव्या. आणि पोरांच्या वह्या, शाळा जूनला उघडते. आत्यांना सांगा, नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि हुलग्याचं पिठलं खाल्ल्याशिवाय सोडत नाही. दात कसे आहेत त्यांचे?

धागाकर्ती :

दात स्वतःचे आहेत, सगळे. विचारल्याचा राग आलाय तिला.