सातवी पास बायकांना मानद पदवी दिली तर कुणाचं काय जातं?

सड्यावरची
कॉलेजच्या पदवीदान समारंभात कर्तबगार महिलांना मानद पदव्या द्याव्यात असं कुणीतरी सुचवलं, त्यावर एका पीएचडीवाल्या साहेबांनी लिहिलंय, "सातवी पास बायकांना डॉक्टरेट वाटणार, मग आम्ही लायब्ररीत काय झक मारली?" वाचून डोकं सणकलं. अहो साहेब, सिंधुताई सपकाळ चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांना २०१६ ला डी. वाय. पाटील संस्थेने मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा तुमच्या थिसिसचं एक तरी पान गळलं का?

आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रत्ना आंबा घ्या. नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याला झाला, १९८१ ला बाहेर आला. शास्त्रज्ञांचं श्रेय मान्यच, पण बागांपर्यंत कलमं पोचवायला ती बांधली कुणी? माझी आई एका नर्सरीत रोजावर कोय कलमं बांधायची. कोयीचं रोप तांबूस, कोवळं असतानाच छाटायचं, मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरीसारखं तासून त्यात बसवायचं नि प्लास्टिकची पट्टी गच्च आवळायची. पट्टी सैल राहिली की पाणी शिरलं नि कलम मेलं. आईची सहसा मरायची नाहीत. डिप्लोमाची पोरं तिच्या शेजारी बसून शिकली, सर्टिफिकेट मात्र पोरांना.

खाडीकाठ
भावना पोचल्या. पण ताई, कॉलेज कुणालाच पदवी देऊ शकत नाही, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६, कलम २२. पदवी विद्यापीठाचीच, आणि मानद असेल तर सिनेट (विद्यापीठाची अधिसभा) आणि कुलपती, म्हणजे राज्यपाल. कॉलेजने शाल-श्रीफळ द्यावं नि गप्प बसावं. आणि अमेरिकेतली एमआयटी, कॉर्नेल, स्टॅनफर्ड मानद पदव्या देतच नाहीत, त्यांचं काय अडलं? दिल्या की राजकारण आलंच. ऑक्सफर्डने १९८५ ला थॅचरबाईंना ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी नाकारली, त्या तिथल्याच माजी विद्यार्थिनी नि तेव्हा ब्रिटनच्या पंतप्रधान असून.

सड्यावरची
म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत की. तिथल्या मास्तरांनी मतदान करून पंतप्रधानाला नाही म्हटलं. आपल्याकडे साध्या आमदाराला नाही म्हणून दाखवा, मग सांगा मला कलम २२.

मालवणी मिरची
सिनेट सिनेट काय करतास? आमचा विद्यापीठ खंय आसा ता आधी सांगा! रत्नागिरीक मुंबय विद्यापीठाचा उपकेंद्र आसा, बरा आसा, पण सावंतवाडीच्या पोराक एका कागदासाठी मुंबयेक जावचा लागता. आधी कोकणाक स्वतंत्र विद्यापीठ होया, मानद कोणाक देवची ता मगे बघू.

हर्णैकर
नको रे बाबा! सर्टिफिकेटवरचं मुंबईचं नाव गेलं तर इंटरव्ह्यूत विचारतंय कोण? माझ्या मुलीला त्या नावावर नोकरी लागलीय.

मालवणी मिरची
नाव चाटूक घे. तुझ्या चेडवाक नोकरी मुंबयेत गावली मा? म्हणानच गाव ओसाड पडलो.

हर्णैकर
माझ्या मुलीवर जायचं काम नाही हां. भाषा सांभाळून.

खाडीकाठ
विषय काय, चाललंय काय. पण निघालाच आहे तर ऐका, महिला विद्यापीठ काढणारे कर्वे आपल्या दापोलीजवळच्या मुरुडचे. १९१६ ला काढलं, ते पुण्यात. इथली माणसं बाहेर जाऊनच काहीतरी करतात, हा जुनाच रोग.

सड्यावरची
कर्व्यांचं काढलंत ते बरं केलंत. त्या विद्यापीठाला नाव कुणाचं? नाथीबाई दामोदर ठाकरसी. मुलाने १५ लाख देऊ केले म्हणून आईचं नाव लागलं, तेव्हा नाथीबाई कितवी पास असं कुणी विचारलं नाही. माझ्याकडे १५ लाख नाहीत, एवढाच काय तो फरक.

खाडीकाठ
बरं बाई, द्या तुमच्या आईंना. पण द्यायची तर कृषी विद्यापीठाने, रीतसर ठराव करून. आणि नावाआधी डॉक्टर लावायचं नाही, तो संकेत आहे.

सड्यावरची
केवढे हो उपकार! तो संकेत पुढाऱ्यांच्या बॅनरवर जाऊन सांगा आधी.

मालवणी मिरची
ता रवांदे. मुख्यालय कुडाळाक होया, आत्ताच सांगान ठेवतंय.

हर्णैकर
कुडाळ? मग आम्ही दापोलीहून मुंबईलाच गेलेलं काय वाईट! चिपळूणला करा.